उपासाचे लाडू

रशियात शिकायला पाठवलेल्या आमच्या तुकडीत सर्वांत भित्रा मीच होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. इकडे भिलाईत कारखाना उभा राहत होता, सेक्टर दहातल्या क्वार्टरमध्ये बायकोला सातवा महिना लागला होता, आणि तिचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून मी तिकडे संकष्टी धरत होतो. तिथी तीच पत्रातून कळवायची. नव्याने आलेल्या एका क्लार्कबरोबर तिने शेंगदाण्याचे गूळ घातलेले लाडू पाठवले होते, खास उपासासाठी.

अशाच एका संकष्टीला आम्हाला तिथल्या अभयारण्यात नेलं. फाटकाशी म्हाताऱ्या वनरक्षकाने दुभाषी बाईंमार्फत बजावलं की खायचं जे असेल ते गाडीतच ठेवा, अस्वलांना वास लागतो. सगळ्यांनी पाव, उकडलेली अंडी काढून ठेवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा नागपूरकडचे आमचे फोरमन मध्येच म्हणाले, "याले उपास आहे आज. याच्यापाशी काय राहीन?" मीही मान डोलावली. ओव्हरकोटाच्या खिशात दोन लाडू होते, पण ते फराळाचे. उपासाच्या दिवशी आपल्याजवळ खायला काही नसतं, हे डोक्यात इतकं पक्कं की आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही.

अर्ध्या तासाने झाडांमधून अस्वल बाहेर आलं. वनरक्षकाने हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं. अस्वलाने नाक वर केलं आणि बाकीच्यांना सोडून ते माझ्याच रोखाने येऊ लागलं.

"खिशात काय आहे बे?" फोरमननी दबक्या आवाजात विचारलं.

"लाडू," मी म्हणालो. लेकराचं तोंड न बघताच आपण इथे मरणार, एवढं एकच मनात होतं. ज्याचा उपास धरला त्या गणपतीचं नावही आठवेना.

म्हाताऱ्याला काही सांगावं लागलं नाही. तो माझ्या आणि अस्वलाच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याने कोट काढायची खूण केली. माझी बोटं चालेनात, बटणं फोरमननी सोडली. म्हाताऱ्याने कोट पुढे टाकला. एकेक पाऊल मागे सरकत आम्ही गाडी गाठली, तोवर अस्वल कोट फाडत होतं.

म्हातारा रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण गाडीत त्याचे हात कापत होते. ते पाहून मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो.

भिलाईला परतलो तेव्हा मुलगी दोन महिन्यांची झाली होती. बायकोने तिला माझ्या हातात दिलं, तसे माझे हातही थरथरू लागले.

"असे कावून भेऊन राहिले? लेकरू आहे, वाघ नाई," ती हसली. मग लाडू कसे झाले होते, ते तिने विचारलं.

"एकही उरला नाही," मी म्हणालो, आणि पोरीला छातीशी घट्ट धरलं.