शंभरपैकी चौऱ्याण्णव गुणांचा पाय

कोठीच्या बाजारात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी मी पडलो, तेव्हा माझ्या हातात बीजगणिताचं पुस्तक होतं आणि नजर त्यातल्या एका चुकीच्या उत्तरावर. फुटपाथ संपल्याचं पायाला कळलं, मला नाही. खाली पाहिलं तर उजवं पाऊल आत वळून डाव्याकडे बघत होतं. पुस्तकवाला ओरडला, "अय्यो मास्टरसाब, पाँव उलटा हो गया ना!" चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाची चूक अशी भर रस्त्यात दाखवू नये हो.

दवाखान्यात कळलं की घोट्याच्या खालचा सांधा निखळलाय, हाड एकही मोडलेलं नाही, आणि असं फार क्वचित होतं. झालं! शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. माझ्या लग्नात निघाले नसतील इतके फोटो त्या पावलाचे निघाले. दुखून जीव जात होता, पण खरं सांगतो, थोडा भाव खाल्ला मी. मग भूल देऊन सांधा बसवला, सहा आठवडे प्लास्टर, नंतर व्यायाम.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी एक फॉर्म काढला. पाय कितपत बरा झाला ते ठरवायला शंभर गुण. त्यातले चाळीस एकट्या दुखण्याचे. अजिबात दुखत नसेल तर चाळीसच्या चाळीस. आता आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर. समोर गुण दिसले की ते सोडायचे नाहीत, एवढंच आम्हाला येतं. दुखतं का? छे! जिना? आरामात. खडबडीत रस्त्यावर त्रास? मी म्हटलं, "डॉक्टरसाब, आमच्या मोहल्ल्यात, नल्लकुंट्यात, एक सपाट रस्ता दाखवा, मग फरक सांगतो." ते हसले आणि तिथेही पूर्ण गुण देऊन मोकळे झाले. चौऱ्याण्णव! सहा कशाचे कापले, तेसुद्धा मी विचारलं.

"सांधा थोडा कडक आहे, सर. बाकी एकदम मस्त. सहा महिन्यांनी या."

आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळले आणि स्वतःच्या पायाच्या परीक्षेत खुशाल खोटं बोलून आलो. खरं तर घरी मी जिना बसून उतरत होतो, एकेक पायरी घसरत, बायको भाजीला गेली की. एक दिवस ती पिशवी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली.

"अहो, हे काय?"

"काही नाही गं, हवा खातोय."

"जिन्यात?"

दुसऱ्याच दिवशी तिने मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. एमआरआय झाला. घोट्यातल्या एका हाडाच्या कोपऱ्याला रक्त नीट पोचत नव्हतं. "हे हाड खचलं तर चालणं कायमचं अवघड होईल," डॉक्टर म्हणाले. "दुखतंय हे तेव्हाच का नाही सांगितलं, सर?"

काय सांगणार, कपाळ? गुण कापले असते म्हणून? मला मनापासून लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

तीन महिने कुबड्या, त्या पायावर अजिबात भार नाही. बायकोने एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणजे ती भयंकर चिडली होती. पुढच्या तपासणीत हाड शाबूत निघालं. सांधा मात्र कडक तो कडकच राहणार. डॉक्टरांनी या वेळी फॉर्म माझ्याकडे वळवलाच नाही, सरळ तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावला, पेन उघडलं.

"दुखतं?"

"थोडंसं."

तिने पेन खाली ठेवलं. "खरं सांगा."

"रोज दुखतं," मी म्हटलं. "सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी येतं. तुझी झोप मोडू नये म्हणून आवाज करत नाही."

"मी जागीच असते," ती म्हणाली. "तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून डोळे मिटून पडते."

आणि तिने चाळीसपैकी वीस लिहिले.