दिवा शेजारी लावायचा

बुधवार, सकाळी साडेदहा. हजर : डॉक्टरबाईंचे यजमान भाऊसाहेब, दवाखाना पुढे चालवायला आलेली त्यांची विद्यार्थिनी डॉ. मेघना, गडमुडशिंगीच्या शेवंताबाई आणि मी. बाई जाऊन पाच आठवडे झाले होते. दवाखाना पुन्हा उघडायचा म्हणून मी कामांची यादी केली होती आणि तिच्यात पहिलं काम होतं स्लिट लॅम्प पुसणं. डोळा मोठा करून दाखवणारी दुर्बीण आणि तिच्याभोवती फिरणारा दिवा. उजेडाची पट्टी हवी तेवढी बारीक करता येते. बाईंची मदतनीस म्हणून चौदा वर्षं मी त्या यंत्रामागे बसले.

बाईंचा क्रम ठरलेला असे. आधी खोलीतला दिवा बंद. मग पसरट उजेड, मग बारीक पट्टी, मग उजेड बाजूला सरकवून बुबुळाच्या कडेवर... एकही पायरी गाळायची नाही. मी एकदा गाळली. उसाचा पाला काढताना शेवंताबाईंच्या डोळ्याला पातं लागलं होतं. बाहेर रांग होती, हातात नावांची यादी होती. खोलीतला दिवा तसाच ठेवून मी समोरून उजेड टाकला, बघितलं आणि कागदावर ‘किरकोळ ओरखडा’ लिहिलं. बाईंनी ते वाचलं, उठून दिवा बंद केला आणि उजेडाची पट्टी बुबुळाच्या कडेवर नेऊन ठेवली. मला बघायला लावलं. अंधारात बुबुळाभोवती बारीक कडं उजळलं आणि मधोमध एक करडा ठिपका दिसला, पिसासारख्या कडांचा. बुरशी होती. आणखी चार दिवस गेले असते तर डोळा गेला असता.

“यादी संपवायची हाय, का डोळा बघायचा हाय?” बाई हळूच म्हणाल्या. “समोरून झोत टाकलास की ठिपका त्यातच बुडतोय. दिवा शेजारी लाव की.”

शेवंताबाईंचा धीर सुटत चालला होता. “दोघी काय कुजबुजताय? डोळा जातोय का ऱ्हातोय, सांगा की.”

“ऱ्हातोय,” बाई म्हणाल्या. “पण आज घरी जायचं न्हाय.”

डोळा राहिला. उपचार काही महिने चालले, एक पुसट डाग तेवढा उरला. त्या दिवसापासून मी यादीच्या वरच्या कोपऱ्यात ‘दिवा बंद’ असं लिहिते.

शेवटच्या वर्षात बाई खेड्यांतल्या मदतनिसांसाठी रंगीत पेन्सिलींनी एक तक्ता काढत होत्या : डोळ्यावर उजेड टाकायच्या सहा रीती, सहा चौकोन. पाच झाले आणि आजारपण आलं. सहावी रीत मागून येणाऱ्या उजेडाची. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरून परतलेल्या तांबूस उजेडापुढे बुबुळावरचा डाग गडद उमटतो. रुग्णालयात त्यांना भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “सहावं तू काढ.” माझ्या हाताला चित्रकला नाही, असं मी सांगितलं. “बघता येतंय न्हवं? मग काढता येतंय.”

त्या बुधवारी तक्ता पाहून शेवंताबाई आपण होऊन खुर्चीत बसल्या आणि हनुवटी टेकवून म्हणाल्या, “माझ्याच डोळ्यातला डाग त्यात काढा की, डोळा बाईंनी वाचवलेला हाय.” मेघनानं खोलीतला दिवा बंद केला, कुणी न सांगता. मी डोळा लावला. तांबूस उजेडात तो डाग होता, दुर्बिणीतून वाटाण्याएवढा, स्वच्छ दिसणारा... पेन्सिल उचलली आणि चौकोनात एक गोल काढला. पुढे हात चालेना.

शेवंताबाई सोमवारी पुन्हा येणार आहेत. तांबडी पेन्सिल तासून यंत्राशेजारी ठेवली आहे. चौकोनात अजून नुसता गोलच आहे.