गाडीच्या स्क्रीनवरचे ओघळ

नोकरीत तपासलेल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. नाव एका गुन्ह्यातलं, जागा दुसऱ्यातली, असं होतं. वाढवणच्या रस्त्यावरच्या एका अपघाताचं मात्र सगळं मला अजून क्रमवार सांगता येतं, कारण त्या गुन्ह्यात एका निरपराध माणसाला मी जवळजवळ आरोपी केला होता.

साल २०१७. थंडी ओसरत होती. डहाणू तालुक्यात किनाऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. दुपारी दीडच्या सुमारास वाढवणची एक मासळी विकणारी बाई सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन रिक्षा थांब्याकडे चालली होती. वय पन्नाशीचं. मागून आलेल्या पांढऱ्या गाडीने तिला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. मांडीचं हाड मोडलं, कंबरेला मार बसला. गावकऱ्यांनी तिला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भरधाव आणि निष्काळजीपणे गाडी चालवून गंभीर दुखापत केली, जखमीला तसंच टाकून पळून गेला, असा गुन्हा अज्ञात चालकाविरुद्ध आम्ही दाखल केला.

शुद्धीवर आल्यावर तिने जबाब दिला. नंबर पाहिला नव्हता. "गाडीत गाणं लय मोठ्यानं लागलेलं," ती म्हणाली. "मधीच बंद व्हायचं, परत वाजायचं." आमच्या हवालदाराने ते लिहून घेतलं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी खबर आली. मासळीसाठी बर्फ वाहणाऱ्या एका टेम्पोवाल्याची आणि आमच्या हवालदाराची ओळख होती. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाच्या अलीकडे, हायवेला लागून एक वॉशिंग सेंटर आहे. तिथे चहा पिताना गाड्या धुणारा गडी सांगत होता, की परवा एका मोठ्या गाडीच्या पुढच्या जाळीतून त्याने सुका बोंबील काढला. सगळे हसले. टेम्पोवाला हसला नाही. त्याने फोन केला.

आम्ही सेंटरवर गेलो. मालक म्हणाला, त्या दिवशी तो कामासाठी वापीला गेला होता, सेंटरवर गडी एकटाच होता. गाडी कुणाची, हे दोघांनाही माहीत होतं. तलासरीच्या एका कारखानदाराची, नेहमीचं गिऱ्हाईक. वजनदार माणूस, ठाण्याच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसणारा. निरोप दिल्याबरोबर तो स्वतः गाडी घेऊन ठाण्यात हजर झाला; गाडी पंचनाम्यासाठी आम्ही ठेवून घेतली. त्याचं वागणं शांत होतं, उत्तरं नेमकी होती. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता गाडी धुवायला टाकली आणि मित्राच्या गाडीतून पुढे गेलो, पाच वाजता परत घेतली, असं त्याने सांगितलं. मित्रानेही तेच सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चावी दिवसभर गड्याकडे होती. जाता जाता कारखानदार म्हणाला, की त्या माणसाने गाडीची टचस्क्रीनसुद्धा खराब करून ठेवली आहे, कसल्या तरी केमिकलने पुसली असावी, आता बोट न लावता आपोआप चालते. तेही तक्रारीत लिहून घ्या.

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गड्याला गंजाडच्या त्याच्या पाड्यावरून जीपमधून आणलं.

तो चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस होता. पावसाळ्यात स्वतःची थोडी भाताची शेती, बाकीचे महिने गाड्या धुणं. गाडी तीन वाजता आली, एवढंच तो सांगत होता. मी विचारलं, तुला गाडी चालवता येते का? म्हणाला, आत-बाहेर लावण्यापुरती येते. वाढवणला तुझं कोण आहे? कुणी नाही. मग अकराला आलेली गाडी तीनला आली असं का सांगतोस? यावर तो गप्प बसला. अशी शांतता पोलिसाला आवडत नाही. गप्प बसणारा लपवतोय, असा आमचा समज असतो, आणि पुष्कळदा तो खराही निघतो. संध्याकाळी त्याला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. त्याची बायको दोन्ही दिवस ठाण्याच्या आवारात बसून होती. तिने कुणालाही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडीचा पंचनामा पुन्हा वाचत होतो. पुढचा डावा दिवा तडकलेला, बंपरला घासल्याची खूण. शेवटी एक ओळ होती, स्क्रीनवर पांढुरके डाग. मी त्याला सहज विचारलं, ही स्क्रीन तू कशाने पुसलीस?

पहिल्यांदाच तो सरळ माझ्याकडे बघून बोलला. "साहेब, ती मी नाय पुसली. डाग आधीच होते. स्क्रीनवर मी कधी फवारा मारत नाय."

मग कशी पुसतोस, दाखव, असं म्हणून मी त्याला आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीकडे नेलं. त्याने आधी गाडी पूर्ण बंद आहे ना, हे बघितलं. स्क्रीन उन्हाने तापली होती, तर दार उघडून ती गार होऊ दिली. हात धुतले. स्वतःच्या पिशवीतून मऊ, सुती नसलेला फडका काढला आणि दोनदा झटकला. वाळूचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो, म्हणाला. आधी कोरड्या फडक्याने हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसलं. बोटांचा तेलकटपणा जात नसेल तर फडक्याचं टोक पाण्याने किंचित ओलं करायचं आणि घट्ट पिळून घ्यायचं. पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर शिंपडायचं नाही, कारण ते खालच्या फटीतून आत उतरतं. काचा पुसायचं निळं लिक्विड, पेट्रोल, टॉवेल, कागद, यातलं काही वापरायचं नाही. वरचा थर निघतो. दाबायचंही नाही. हे सगळं त्याने मोजक्या शब्दांत सांगितलं, पण हाताने इतकं नीट करून दाखवलं की मी बघत राहिलो.

मग त्याने बोटाने डाग दाखवला, स्पर्श न करता. पांढुरका डाग मधे रुंद होता आणि त्यातून चार-पाच ओघळ खालच्या कडेपर्यंत गेले होते. कुणीतरी थेट स्क्रीनवर फवारा मारला होता. कडेच्या बाजूला गोल गोल बारीक ओरखडे होते, खरखरीत कापडाने घाईत घासल्यासारखे. गाडी आली तेव्हाच मी हे गाडीच्या मालकांना दाखवलं होतं, तो म्हणाला. त्यांनी सांगितलं, तू तुझं काम कर.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. हा तरबेज माणूस आहे म्हणून गुन्हेगार नाही, असं कोर्टात म्हणता येत नाही. तरी मला वाटलं, हा डाग कधीचा आहे एवढं कळलं तर बघावं. दुसऱ्या सकाळी हवालदाराला घेऊन मी वापीला त्या गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो.

तिथे गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेणारी तिशीतली एक बाई होती. मी गाडीचा नंबर सांगितला आणि विचारलं, काचेचं लिक्विड मारल्यावर असे डाग पडायला किती दिवस लागतात? तिने कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि म्हणाली, "डाग केव्हाचा ते नाही सांगता येणार. पण या सरांनी त्याच दिवशी मला फोन केला होता."

कोणत्या दिवशी, मी विचारलं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. अपघाताचीच तारीख. वेळ दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तक्रारीत लिहिलं होतं, ग्राहकाने स्क्रीनवर काच पुसायचं लिक्विड मारलं, त्यानंतर स्क्रीन आपोआप दाबली जाते, गाणी चालू-बंद होतात.

तिला तो फोन चांगला आठवत होता. मागून हॉर्न ऐकू येत होते, गाण्याचा आवाज एकदम चढत होता. गाडी चालू असताना पुसू नका, बाजूला घ्या, बंद करा, असं तिने दोनदा सांगितलं होतं. त्याने हो हो म्हणून फोन ठेवला होता.

 परतताना जीपमध्ये हवालदाराला आणि मला, दोघांनाही वाढवणच्या बाईचा जबाब आठवला. मधेच बंद व्हायचं, परत वाजायचं. ते वाक्य चार दिवस माझ्या टेबलावर पडून होतं.

कारखानदाराच्या मोबाइलचे कॉल तपशील मागवले. एक वाजून दहा मिनिटांचा तो फोन किनाऱ्याकडच्या टॉवरवरून गेला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी गाडी विवळवेढ्याला धुतली जात असायला हवी होती. मित्राला एकट्याला बसवलं, तेव्हा पंधरा मिनिटांत त्याने सांगितलं की अकराची वेळ त्याला सांगायला लावली होती.

मग कारखानदाराला बोलावलं. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, स्क्रीनवर काय सांडलं होतं?

 तो सांगू लागला. नीरेची बाटली उघडताना उडाली होती, स्क्रीन चिकट झाली. काचेसाठी ठेवलेलं लिक्विड हाताशी होतं, तेच चालत्या गाडीत मारलं आणि अंग पुसायच्या टॉवेलने घासलं. मग स्क्रीन वेड्यासारखी चालू लागली. "साहेब, आवाज बंदच होत नव्हता," तो म्हणाला. "मी फक्त तिकडे बघत होतो. रस्त्याकडे बघितलं तेव्हा ती समोर होती." थांबावंसं वाटलं होतं, पण लोक धावत येताना आरशात दिसले आणि पाय ब्रेकवर गेलाच नाही. पुढे सगळं गाडी धुणाऱ्यावर ढकलायचं हे त्याला रात्रभर विचार करून सुचलं. गड्याचं बोलणं कुणी ऐकणार नाही, असं वाटलं, असं तो स्वतःच म्हणाला. त्याचा तो अंदाज माझ्या बाबतीत किती बरोबर ठरला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्याला अटक केली, जामीन झाला, दोषारोपपत्र गेलं. त्याला शिक्षाही झाली. ती बाई काठी घेऊन चालू लागली, पण डोक्यावर पाटी घेणं कायमचं सुटलं. तिची सून आता मासळी विकते.

गड्याला मी ठाण्यात बोलावून सांगितलं, की तुझ्यावर काही नाही, तू जाऊ शकतोस. चुकलं, असंही म्हणालो. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, पाड्यावर येऊन सांगाल का?" तो म्हणाला. "जीपमधून नेलंत ते सगळ्यांनी बघितलं. सोडलं ते कोण बघणार?"

त्याच दुपारी मी वर्दीत, त्याच जीपमधून, त्याला आणि त्याच्या बायकोला पुढच्या सीटवर बसवून गंजाडला गेलो. पाड्यावरची माणसं गोळा झाली. या माणसाने काही केलेलं नाही, उलट याच्यामुळे खरा माणूस सापडला, असं मी मोठ्याने सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने मान हलवली. गड्याच्या बायकोने आम्हाला पाणी आणून दिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. बसा, म्हणाली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात एक पद्धत राहिली. संशयावरून आणलेला माणूस निर्दोष निघाला, तर त्याला ज्या गाडीने आणलं त्याच गाडीने, दिवसाउजेडी, त्याच्या दारात सोडायचं. कुठल्याही नियमात हे लिहिलेलं नाही. ते मला त्या गाड्या धुणाऱ्या माणसाने सांगितलं.