गेमवर ये

व्यंकटीला बोलता यायचं नाही असं नाही, पण बोलायची वेळ आली की नेमकं त्याला कुठलं तरी वायरीचं काम आठवायचं. मूळचा बिलोलीचा. बाप लहानपणीच गेला, माय गुणाबाई अंगणवाडीत मदतनीस. बारावीनंतर तो नांदेडला आला, कॅमेरे आणि वायफाय बसवणाऱ्या एका दुकानात लागला, आणि शिडी खांद्यावर घेऊन अख्खं तरोडा, सिडको, श्रीनगर त्यानं पालथं घातलं. लोकांच्या भिंतीला भोकं पाडून पाडून डोक्यात कायम सिमेंटची भुकटी. तनुजा म्हणायची, "तू म्हातारा झालास तरी कळणार न्हाई कुणाला. आत्ताच पांढरा हायस."

तनुजा म्हणजे वरच्या मजल्यावरची. उज्वलाबाईंच्या घरात व्यंकटीची मागची एक खोली, आणि वर शेषेरावांचं बिऱ्हाड. शेषेराव सरकारी नोकरीतले, लई मोकळा माणूस. बायको मंजुश्री, पोरगा शिवम, पोरगी तनुजा. शिवमनं एक जुना गेमचा डबा घेतलेला, टीव्हीला जोडायचा आणि दोघांनी दोन रिमोट घेऊन बसायचं. खेळायला तो व्यंकटीला वर बोलवायचा. शिवम अभ्यासाला उठला की दुसरा रिमोट तनुजाच्या हातात. गाड्यांची रेस असायची. वळण आलं की ती गाडीसोबत स्वतःबी वाकायची, अख्खी, आणि तिचा खांदा व्यंकटीला लागायचा, आणि व्यंकटीची गाडी दर वळणाला खड्ड्यात. असं जमलं त्यांचं. तसलं काही कुणी कुणाला म्हणलं नाही कधी. एकदा फक्त तनुजा म्हणली, "पप्पाला विचार की. न्हाई म्हणणार न्हाईत ते."

"परमनंट होऊ दे मला."

"मालक काय तुला पेन्शन देणार हाय का? आलाय मोठा परमनंट."

खरं तर अडचण कशाचीच नव्हती. जात एक, आडनावं वेगळी, दोन्ही घरं एकमेकांना ओळखून. गुणाबाई बिलोलीहून आली की वरच्या घरी जेवल्याशिवाय तिला सोडायचे नाहीत. एवढं सगळं सरळ होतं. तरी ह्याचं आपलं आज नको, दिवाळी होऊ दे, पगार वाढू दे.

मग शेषेरावांची बदली झाली लातूरला. सामान गेलं, डबा गेला. पुढं शिवमला पुण्यात नोकरी लागली आणि डबा लातूरच्या घरात तसाच टीव्हीखाली राहिला, नेटची वायर लावलेला. इकडं व्यंकटीला करमेना म्हणून त्यानं देगलूर नाक्यावरच्या कलीमभाईच्या जुन्या सामानाच्या दुकानातून तसाच एक डबा उचलला. एकदाच दुकानातल्या वायरीला जोडून त्यानं स्वतःचं खातं उघडलं, तनुजाला फ्रेंडमधे घेतलं, म्हणजे गेममधूनच मेसेज करता येतात, तेवढ्यात मालक दारात. "व्वा! गिऱ्हाईक गेलं चुलीत, तुम्ही गाड्या पळवा!" तवापासून डबा खोलीत, कपड्याखाली. तसं फोनवर बोलणं व्हायचंच रोज.

आणि एक दिवस तनुजाचा मोबाईल पाण्याच्या टाकीत पडला. मंजुश्रीबाई म्हणल्या, आता लग्नातच नवीन घेऊ, तोवर माझा वापर. आईच्या मोबाईलवरून काय बोलणार ती? एकदाच फोन आला तिचा, भांडी घासता घासता केल्यासारखा, नळाचा आवाज येत होता मागं.

"व्यंकट, ऐक. उदगीरचं स्थळ आलंय. पसंत बी केलंय त्यांनी. इथनं बोलता येईना, गेमवर ये."

"अगं पण…"

फोन कट.

दुसरा कुणी असता तर त्याच पावली बसस्टँड गाठला असता. लोहा, अहमदपूर, चाकूर, की लातूर आलंच. पण व्यंकटीच्या डोक्यात एकच बसलं, ती गेमवर ये म्हणलीय, म्हणजे आधी गेमवर जायचं. पप्पाला काय विचारायचं, कसं विचारायचं, ते सगळं तिथं तिच्याशी ठरवू. पोरगी फोनवरून अक्षरशः हाका मारतीय आणि हा नेट कसं जोडावं त्याचा विचार करून राहिला!

वायर टाकायची तर उज्वलाबाईंच्या हॉलमधून भिंतीला भोक पाडावं लागत होतं.

"माज्या भिंतीला भोक न्हाई पाडायचं," उज्वलाबाई म्हणल्या. "आत्ताच पुट्टी मारलीय. वायफाय घे की, पासवर्ड देते. पण लई वापरू नको, माझी मालिका अडकती."

पण त्या जुन्या डब्याला वायफाय पकडताच येत नव्हतं. त्याला मागून वेगळा अडॅप्टर लावावा लागतो. व्यंकटी कॉम्प्युटरचा छोटा अडॅप्टर घेऊन आला, घुसवला, डबा ढिम्म. मग गेला कलीमभाईकडं.

"क्या व्यंकट मियाँ, अब्बी बी गाड्यां चला रैं?" कलीमभाई चष्म्यावरून बघत म्हणला. "ये नक्को. ये कंप्यूटर का है, डब्बा इसको पैचानताच नै. उसका खुद का होना. हैदराबाद से मंगाना पडता."

"कधी येईल? लई अर्जंट हाय कलीमभाई."

"परसों आ जाता."

आता कलीमभाईचा परसों सगळ्या नाक्याला माहीत. त्याचं लग्न बी परसोंच झालंय आणि टीव्ही दुरुस्त होऊन बी परसोंच मिळणार. व्यंकटीला हे माहीत नव्हतं का? तरी तो रोज जाऊन विचारायचा आणि रोज परसों ऐकून परत यायचा. मधल्या काळात एकदा त्यानं मंजुश्रीबाईंचा नंबर काढला, हिरव्या बटणावर बोट ठेवलं, आणि काढून घेतलं. त्यांनी उचलला तर काय म्हणायचं? सुट्टीच्या दिवशी लातूरला जाऊ म्हणला, तर एका शाळेचे कॅमेरे बंद पडले.

शेवटी अडॅप्टर आला. काळा, बोटाएवढा. डबा खोलीतल्या टीव्हीला जोडून मागं तो लावला तसा हिरवा दिवा लुकलुकला. यादी उघडली तर शेजारच्यांचे सगळे वायफाय दिसायलेत, समोरच्या मेडिकलचं दिसतंय, उज्वलाबाईंचंच दिसेना. दहादा बंद चालू केलं. मग त्याच्या लक्षात आलं की बाईंचा राऊटर नवा, तो वायफायच्या लहरींच्या नव्या पट्ट्यावर चालतोय आणि ह्या म्हाताऱ्या अडॅप्टरला जुनाच पट्टा दिसतो. मोबाईलवरून राऊटरमधे शिरला, जुना पट्टा चालू केला. राऊटर बंद होऊन परत सुरू झाला तसा हॉलमधून आवाज, "व्यंकटी! मेल्या, ऐन टायमाला गेली की रे माझी मालिका!"

"दोन मिनिट काकू!"

पासवर्ड रिमोटनं टाकायचा म्हणजे पडद्यावरचं एकेक अक्षर बाणानं गाठायचं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा गोल फिरायला लागलं, फिरलं, फिरलं, आणि जोडलं गेलं. फ्रेंडची यादी आली. त्यात एकच नाव. नावापुढं हिरवा ठिपका.

होती ती. तिकडं लातूरला टीव्हीसमोर बसलेली होती!

त्यानं लिहिलं, "आलो." लगेच उत्तर आलं, "कुठं होतास?"

"अडॅप्टर नव्हता."

रिमोटनं मोठं लिहायचं कुणाच्यानं होतं? एवढ्या दिवसांचं साचलेलं, आणि एकेका शब्दात बोलायचं. व्यंकटीनं जे विचारायला एवढा खटाटोप केला होता ते विचारलं.

"सुपारी कधी?"

सुपारी फुटली म्हणजे दोन्हीकडच्यांनी चार माणसांत शब्द दिला. त्याच्यानंतर आमच्याकडं कुणी मागं फिरत नाही. त्याच्या आत गाठलं तर गाठलं.

उत्तर आलं, "परवा."

परवा! म्हणजे उद्याचा अख्खा दिवस हातात होता. व्यंकटी खोलीत एकटाच उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. त्यानं लिहायला घेतलं, "उद्या येतो मायला घेऊन". अर्ध्यावर होता तेवढ्यात तिचा हिरवा ठिपका विझला. कुणी आलं असेल खोलीत. त्यानं तरी पूर्ण करून पाठवलं.

आणि मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पुढचा विचार न करता फोन लावला. "माय, सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला ये. तनुजाला मागायला जायचं."

पलीकडून गुणाबाई म्हणली, "आरं माज्या बाबा. उगवला का दिस एकदाचा."

सकाळी माय आली ती नारळ, ब्लाऊजपीस, साखर, हळदीकुंकवाची पुडी असं सगळं पिशवीत घेऊनच. नवी साडी नेसलेली, घडीचा वास येणारी. बसमधे व्यंकटीला म्हणली, "म्या बोलते. तू मधी तोंड घालू नको. तुला तर तसं बी उघडता येत न्हाई." आणि अहमदपूरपर्यंत तनुजा कशी भाकरी पातळ थापते, कशी आपल्याला मावशी म्हणते, तेच.

लातूरला खाडगाव रोडवर शेषेरावांचं घर. दारासमोर भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, एक माणूस त्या टेम्पोत भरत होता. व्यंकटीला वाटलं, उद्याच्या कार्यक्रमाच्या आत्ताच येऊन पडल्या. माणूस खुर्च्या उतरवत नव्हता, चढवत होता, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

मंजुश्रीबाई दारातच ओरडल्या, "आवं माय! गुणाबाई! कळलं का तुमाला? या, या. आगं पेढे आण गं तनू! आधी तोंड गोड करा. परवाच सुपारी फुटली बघा. लई घाईत उरकलं, कुणालाच सांगता आलं न्हाई. उदगीरचेच हायेत, पोरगा तलाठी."

परवाच.

झालेलं परवा. तनुजानं झालेलं परवा सांगितलं होतं, आणि ह्यानं येणारं परवा ऐकलं होतं. एकच शब्द. मागं बी तोच आणि पुढं बी तोच.

गुणाबाईच्या हातात पिशवी तशीच. पिशवीच्या तोंडातून नारळाची शेंडी दिसत होती. एक क्षण, फक्त एक, तिनं पोराकडं बघितलं. मग खुर्चीवर बसली, पदर सारखा केला आणि मोठ्यानं हसली.

"कळलं की! न कळाया काय, लेकच हाय ती माजी. म्हणून तर ओटी भराया आले. कुठंय नवरीबाई?"

तनुजा पेढ्याचा डबा घेऊन आली. बोटात नवी अंगठी, घरातलाच ड्रेस. व्यंकटीला बघून ती थांबलीच. मायनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ज्या हातानं तिला सून म्हणून मागायला नारळ आणला होता त्याच हातानं तो तिच्या ओटीत घातला. साखर घातली, ब्लाऊजपीस घातला. "सुखात ऱ्हा माय," म्हणली. तनुजा पाया पडायला वाकली ती लवकर उठलीच नाही, आणि तिच्या पाठीवर ठेवलेला गुणाबाईचा हात बी लवकर निघाला नाही. शेषेराव कौतुकानं बघत होते.

हात धुवायला व्यंकटी मागच्या नळावर गेला. तनुजा टॉवेल घेऊन आली.

"कशाला आलास?"

"तू परवा म्हणलीस. मला वाटलं… अजून हाय."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं टॉवेलचं टोक तोंडात धरलं.

"मायला घेऊन येतो म्हणून टाकलं होतं मी," तो म्हणला.

"मी पुन्हा उघडलंच न्हाई ते. काय करायचं होतं उघडून?" मग एकदम हळू, "सुपारीच्या दिवशी सकाळी पाव्हणे दारात येईपर्यंत टीव्ही चालू ठेवला होता मी. आई म्हणली, नवरी हायस का येडी, गेम खेळायलीस? व्यंकट, तुला बसनं येता येत नव्हतं का रे?"

त्यानं नळ बंद केला. नळ नीट बंद होत नव्हता, तो परत पिळायला लागला, आणि तनुजा ते बघून आत निघून गेली.

निघताना शेषेराव बसस्टँडपर्यंत आले. व्यंकटीच्या खांद्यावर हात टाकून म्हणले, "खरं सांगू का गुणाबाई, मला वाटायचं हा पोरगा कधी तरी विचारतो का काय आमच्या तनूला. वर्षभर थांबलो बी म्हणा मी. पण जाऊ द्या, योग असतेत. लग्नात मात्र ते लाइव्ह दाखवायचं, कॅमेरे, नेट, सगळं तुज्याकडं बरं का. घरचा माणूस सोडून बाहेरचा कशाला?"

"हाव काका," व्यंकटी म्हणला.

बस निघाली. गावाबाहेर पडेपर्यंत गुणाबाई खिडकीबाहेर बघत होती. मग वळली आणि त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. मागचे पुढचे सगळे बघायला लागले. दुसरा घालायला हात उचलला, आणि त्याच हातानं त्याचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. व्यंकटीचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते हलत होते.

कंडक्टर तिकिटं फाडत आला. "काय झालं मावशी? पोराला बरं न्हाई का?"

"बस लागली त्याला," गुणाबाई म्हणली आणि पदरानं त्याचं तोंड झाकलं.

कंडक्टरनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. "खिडकी उघडा जराशी. चाकूरला पाच मिनिट थांबतो, लिंबू-सोडा पाजा. ठीक होतंय."

"हाव," गुणाबाई म्हणली. आणि चाकूर येऊन गेलं तरी दोघं जागचे उठले नाहीत.