पोपट, घंगाळ आणि पार्वताबाईंचा नेम

चिकाचं पातेलं अर्धंच रिकामं झालं होतं. बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून कौशल्याने कुरडयांच्या ओळी पाडत आणल्या होत्या. बाजेवरची जागा संपली तशा चार-पाच कुरडया तिने तेलाचा हात फिरवून घंगाळाच्या पाठीवर पाडल्या. सोऱ्यात पुन्हा चीक भरायचा होता, आणि तोही गरम असतानाच. एकदा गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही आणि तीन दिवस भिजवलेला गहू वाया जातो.

घंगाळ म्हणजे मोटार. वाटोळी, ठेंगणी, आंघोळीच्या घंगाळासारखी, म्हणून गल्लीने तिला ते नाव ठेवलं. तिच्या शेजारी तीन चाकांची, हिरव्या रंगाची, चोचीसारख्या तोंडाची दुसरी मोटार उभी होती, तो पोपट. तिसरीला चाकं नव्हती. तिच्यात कौशल्या गोवऱ्या ठेवायची. तिन्ही मोटारी बॅटरीच्या. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज तर नाहीच. अमरावतीच्या त्या लहानशा अंगणात कडुलिंबाखाली त्या तिघी दाटीवाटीने नांदत होत्या, आणि उरलेल्या जागेत माणसं.

कौशल्याचे मालक देवमन तरुणपणी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, विजेचे फिटर होते. कापसाच्या मोसमात जिनाची यंत्रं असा गडगडाट करायची की घरी आल्यावरही त्यांच्या कानात ती चालूच असत. एक दिवस जिनाच्या आवारात साहेबाची मडम बॅटरीच्या मोटारीत बसून त्यांच्या पाठीमागून आली आणि शेजारून निघून गेली, तेव्हा कुठे त्यांना कळलं. यंत्र असूनही ओरडत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. पुढे साहेब विलायतेला गेला आणि ती मोटार जिनाच्या कोपऱ्यात सरकीच्या ढिगाखाली गेली. देवमनांनी अमरावतीला बॅटऱ्या चार्ज करून देण्याचं दुकान टाकलं आणि पहिल्या कमाईत ती मोटार भंगाराच्या भावात उचलली. तोच पोपट.

पोपट घरी आला तो दिवस गल्ली कधी विसरली नाही. एका ट्रकच्या मागे दोर बांधून त्याला अकोल्याहून आणलं, आणि आत वळवायची दांडी धरून देवमन स्वतः बसले होते. ट्रक गाठींचा. वाटभर त्याची धूळ आणि कापसाची पिंजर अंगावर झेलत ते दारात उतरले, तेव्हा पार्वताबाईंनी पोटच्या पोराला ओळखलं नाही. "कोन पायजे?" असं विचारलं.

"माय, मी हाओ."

"मंग असा भुतावानी काहून दिसून राहिला? आन हे काय आनलं?"

"मोटार."

"चालते?"

"चालंन."

कौशल्या तेव्हा नवी नवी होती. तिने नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. पण पुढे दोन वर्षांत घंगाळ आलं. लढाईत पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेव्हा एका वकिलाने ते हौसेने घेतलं होतं आणि लढाई संपल्यावर गोठ्यात टाकलं होतं. त्यानंतर तिसरी आली तेव्हा कौशल्याचं तोंड सुटलं. "लोकं गाय आनते, म्हैस आनते. आमच्या घरी तीन मोटारी, आन एकीलेबी दूध नाही!" बॅटरीच्या तेजाबाचे शिंतोडे उडून तिच्या एकूण एक लुगड्याला भोकं पडली होती. विहिरीवर बाया म्हणायच्या, कौशल्याचं लुगडं चोरीला जायची भीती नाही, शंभरात ओळखू येते.

तरी चाकं असलेल्या त्या दोन मोटारी हलवायची तीच. उन्हाळ्यात कडुलिंबाची सावली सरकली की वाळवणाला ऊन मिळावं म्हणून त्यांना इकडून तिकडे करावं लागे, आणि देवमन दिवसभर दुकानात. म्हणून कोणती दांडी पुढे ढकलली की गाडी पुढे जाते आणि कोणती ओढली की थांबते, हे ती शिकून गेली होती. अंगणातल्या अंगणात, बाजेपासून तुळशीपर्यंत.

आज मात्र त्या अंगणात दुसरीच धांदल होती. पार्वताबाई आज रिद्धपूरला जायच्या होत्या, त्या पुन्हा न येण्यासाठी.

हे घर महानुभावांचं. सकाळी उठून एकमेकांना दंडवत घालायचं, नामस्मरण करायचं, मुंगीला दुखवायचं नाही. पार्वताबाईंचं सगळं आयुष्य या चालीत गेलं होतं. शेवटचे दिवस पंथाच्या या क्षेत्री, रिद्धपूरच्या मठात काढावेत, राजमठातल्या पवित्र ओट्यावर रोज माथा टेकावा आणि देह तिथेच ठेवावा, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. मठातल्या महंतांनी खोली राखून ठेवली होती. अडचण होती ती त्यांच्या नेमाची. फार वर्षांमागे रिद्धपूरच्याच वाटेवर त्यांनी एका बैलाचा खांदा सोललेला पाहिला होता. जू उतरवल्यावर त्या बैलाने त्यांच्याकडे मान वळवून बघितलं, एवढंच. मठात पोचताच त्यांनी महंतांसमोर नेम घेतला: जीवाने ओढलेल्या वाहनात बसणार नाही. बैलगाडी गेली, टांगा गेला. पुढे सायकलरिक्षा आल्या, तर म्हणाल्या, "मानूस काय जीव नाही?" राहिली एष्टी. तिच्या धुराच्या वासाने त्यांना अशा उलट्या व्हायच्या की दोनदा वाटेतल्या वलगावलाच उतरून माघारी यावं लागलं. आता गुडघे धरले होते, चालणं घरापुरतं उरलं होतं. खोली वाट बघत होती आणि म्हातारी ओट्यावर बसून दिवस मोजत होती.

म्हणून देवमनांनी हिवाळाभर पोपटाचं काम काढलं. धूर नाही, जीव नाही. पण पोपट एका दमात अर्धी वाटच जाणारा. पुढच्या गावांत अजून वीज आली नव्हती, तिथे बॅटऱ्या भरायच्या कशा? त्यांनी तोड काढली: भरलेल्या बॅटऱ्यांचा दुसरा संच अर्ध्या वाटेवरच्या विहिरीपाशी आधीच नेऊन ठेवायचा. त्या वाटेने ट्रक कधीतरीच जायचा, म्हणून त्यासाठी डोमाजी गाडीवाल्याला सांगितलं होतं.

डोमाजी बैलगाडी घेऊन दारात आला, तेव्हा पार्वताबाई गाठोडं मांडीवर घेऊन तयार बसल्या होत्या.

"दंडवत, माय. निघाल्या मंग?"

"दंडवत, बाप्पा. तू कुठी चालला?"

"तुमच्याचसाठी चाललो नं. ह्या बॅटऱ्या तठी नेऊन ठेवतो, म्हंजे तुमची मोटार पुढं जाईन."

पार्वताबाईंनी बॅटऱ्यांकडे पाहिलं. मग बैलांकडे.

"जड असतीन?"

"बाप्पा! एकेक उचलाले दोन गडी लागते."

"आन ओढनार बैल."

"मंग काय मी ओढू?" डोमाजी हसला.

पार्वताबाई हसल्या नाहीत. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं आणि त्याची गाठ सोडायला घेतली.

देवमन बाहेर आले. "माय, काय करून राहिली?"

"लुगडे खुंटीवर टाकून राहिली. मी नाही जात."

"काहून?"

"मी वर बसली नाही म्हून काय झालं? वजन तं मायासाठीच ओढतीन नं ते? देवाले काय आंधळा समजला काय तू?"

हिवाळाभर देवमनांनी तारा, चाकं, बॅटऱ्या, वाटेतले चढ, सगळ्याचा विचार केला होता. फक्त बैलांचा राहिला होता. ज्यांना टाळायला हा सगळा खटाटोप, त्याच जीवांना त्यांनी मागच्या दाराने आत घेतलं होतं. ते ओट्याच्या पायरीवर बसले आणि हाताला लागलेलं काळं चिंधीने पुसत राहिले. पुसून झालेलंच पुन्हा पुसत राहिले. पाऊस लागला की ती वाट काळ्या चिखलाची होते, मग दिवाळीपर्यंत नाव नको. आणि म्हातारी दिवाळी पाहीलच असं कोणी सांगावं?

कौशल्याने सोऱ्या पातेल्यावर आडवा ठेवला.

"अवो, घंगाळ चालते नं?"

"चालते."

"मंग त्याच्यात टाका बॅटऱ्या. दोन्ही मोटारी संगं नेऊ."

"आन दुसरी चालवीन कोन? डोमाजी?"

"मले सांगू नका, भाऊ," डोमाजी म्हणाला. "ते काही हो-हो म्हनलं की थांबत नाही."

"मी चालवीन," कौशल्या म्हणाली. "दर उन्हाळ्यात कोन सरकवते त्याले? तुमी?"

"अवं, तुळशीपावतर सरकवनं येगळं."

"तुळशीपावतर जाते ते पुढंबी जाईन. त्याले काय समजते तुळस कोनती आन रिद्धपूर कोनतं?"

पार्वताबाईंचे हात गाठोड्यावर थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. कोपरापर्यंत चीक लागलेला, कपाळावर पिठाची रेघ, लुगड्याला भोकं.

"तुया चीक गार होऊन राहिला ना, पोरी."

"होऊ द्या, आत्याबाई. गहू पुन्हा भिजते."

डोमाजीने बैलांना सावलीत बांधलं आणि बॅटऱ्या उचलायला हात लावला. त्या घंगाळाच्या मागच्या बाजूला बसल्या तेव्हा घंगाळ जमिनीला टेकतं की काय असं वाटलं. कौशल्याने हात धुतले, पदर खोचला, दंडवत घालून आत बसली. घंगाळाच्या पाठीवरच्या कुरडया काढायचं कोणालाच सुचलं नाही.

पोपट पुढे, घंगाळ मागे. गावात लोक दुकानांतून बाहेर आले. कोणी ओरडलं, "देवमनच्या मोटारीले पिल्लू झालं!" कौशल्याने मान वर केली नाही. मूठ दांडीवर आवळलेली, तोंडाने नाम चाललेलं. गाव सुटलं, तशी तिची मूठ सैल झाली. दोन्ही बाजूंना काढणी झालेली काळी रानं, मध्ये पांढरी वाट. आणि आवाज नाही. तिला पाखरांचं बोलणं ऐकू येत होतं, पुढच्या मोटारीतलं सासूबाईंचं नाम ऐकू येत होतं. बैलगाडीत चाकांची करकर असते, एष्टीत तर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. या माणसाने अंगण का भरून टाकलं, ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

एका चढावर घंगाळ कण्हल्यासारखं मंद झालं. तिने दांडी सोडली नाही. "चाल माये, चाल," म्हणत राहिली, जशी गाईला म्हणतात. ते चढलं.

विहिरीपाशी पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. वाटेवरच्या दोन गड्यांना हाताशी घेऊन देवमनांनी बॅटऱ्या बदलल्या. घंगाळाचा दम आता सरला होता. ते इथेच राहणार, आणि त्याच्यापाशी राखणीला कौशल्या. पोपटात दोघांपुरतीच जागा होती. हे तिला घरूनच ठाऊक होतं. सासूबाई उतरून तिच्याकडे यायला लागल्या तेव्हा ती पदर सावरत दोन पावलं पुढे झाली.

गुडघ्यांवर हात ठेवत पार्वताबाई आल्या आणि सुनेला दंडवत घालायला वाकल्या. महानुभावांत लहान-मोठं असं नसतं, पण सासू सुनेसमोर एवढी वाकलेली कौशल्याने कधी पाहिली नव्हती. तिने घाईने त्यांचे हात धरले.

"आत्याबाई, हे काय?"

"तुले नाही वं," पार्वताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुया घंगाळाले कुरड्या चिकटल्या हाय, त्या पाहून राहिली."

दोघी हसल्या, रडल्या. उन्हाने कडक झालेल्या त्या कुरडया कौशल्याने काढून सासूबाईंच्या गाठोड्यात बांधल्या. मठात जाताना रिकाम्या हाताने कसं जायचं? पोपट निघाला. वळणाआड गेला तेव्हा मागे धूळही फारशी उरली नाही.

विहिरीवर आलेल्या बायांनी कौशल्याला घेरलं. "हे काय हाय वं? कोनाचं हाय?"

"मोटार हाय," कौशल्या म्हणाली. आणि थोडं थांबून, "मायी."

दिवस कलताना देवमन एष्टीने माघारी आले आणि विहिरीपाशी उतरले. डोळे सुजलेले होते. "पोचली," एवढंच म्हणाले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "ओट्यावर माथा टेकवून बसली ते उठेचना."

घंगाळ विहिरीवरच्या लोकांच्या भरवशावर ठेवून दोघं घरी गेले. पुढे चार दिवसांनी ते सरकीच्या ट्रकमागे दोर बांधून घरी आलं, आणि या खेपेला आत दांडी धरून कौशल्या बसली होती.

पोपट मात्र परत आला नाही. देवमन आणायला गेले, तर पार्वताबाईंनी त्याच्यात मठातली एक पांगळी म्हातारी बसवलेली. "तिलेबी दर्शनाले जा लागते," म्हणाल्या. "राहू दे याले इथी." तेव्हापासून देवमन दर पंधरवड्याला ट्रकवर भरलेल्या बॅटऱ्या घेऊन जात आणि रिकाम्या घेऊन येत. संध्याकाळी ओट्यावर बसले की त्यांची नजर कडुलिंबाखालच्या मोकळ्या जागेवर जायची आणि तिथून लवकर हलायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कौशल्याने गहू भिजवला, चीक शिजवला, आणि या खेपेला तो शेवटपर्यंत पाडला. पोपटाच्या जागेवर आणखी एक बाज मावली. सगळ्या कुरडया उन्हात होत्या, सावली चुकवायला काही सरकवावं लागलं नाही, आणि ते तिला आवडलं नाही.

त्याच दिवशी डोमाजी सांगत आला की अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपल्याड एका बोळात, कोणाच्या तरी पडवीत अशीच एक बॅटरीची गाडी धूळ खात पडली आहे. देवमन लगबगीने म्हणाले, "जाऊ दे, डोमाजी. आता काय करायची?" आणि चोरून बायकोकडे पाहिलं.

कौशल्या सोऱ्या धूत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोन्या रंगाची हाय?"

"निळी म्हनते."

तिने सोऱ्या उन्हात पालथा ठेवला आणि ओले हात पदराला पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने देवमनांसोबत अकोल्याला जाऊन तिला ती निळी मोटार पाहून यायची होती.