बीरगांवचा नवा पत्ता

सुटीचा दिवस होता. हिवाळ्यातल्या दुपारी मी रायपूरला माहेरी, मागच्या अंगणात खाटेवर पडले होते. मिटल्या पापण्यांतून ऊन केशरी दिसत होतं. लांबून मालगाडीचा खडखडाट येत होता, आणि फोन वाजला तेव्हा तो त्या गाडीतच कुठेतरी वाजतो आहे असं मला वाटलं.

फोन बीरगांवच्या दवाखान्यातल्या डॉक्टर दीदींचा होता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठीचा तो छोटा दवाखाना. तिथल्या सगळ्या नोंदी नवा रायपुरातल्या आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर असतात, आणि तो डेटाबेस सांभाळणं माझ्याकडे आहे.

"दीदी, नहीं खुल रहा. सुबह से वही पासवर्ड डाल रही हूँ." त्याही मला दीदीच म्हणतात.

दवाखाना आदल्या दिवशीच नव्या इमारतीत गेला होता, इंटरनेटही नवं होतं. सकाळपासून एक मुलगी तिथे अंगदुखीने तळमळत पडली होती. तिला रक्त द्यायचं होतं. मागच्या वेळी रक्त चढवताना तिला थंडी वाजून ताप आला होता, एवढंच तिच्या आईला आठवत होतं. तेव्हा तपासणीत काय निघालं ते रक्तपेढीला कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि ते आमच्या नोंदीत होतं.

मी माझा लॅपटॉप उघडून घरच्या वायफायवरून लॉगिन करून पाहिलं. नकारही आला नाही. पडदा कितीतरी वेळ तसाच राहिला, मग म्हणाला, सर्व्हर उत्तर देत नाही. मोबाइलच्या नेटवरून केलं, तरी तीच शांतता. अंगात झोप होतीच. लिंबाच्या झाडाची सावली भिंतीवर हलत होती, ती बघत मी बसून राहिले. बीरगांवला मात्र स्पष्ट 'नाही' मिळत होतं. म्हणजे त्यांचा निरोप सर्व्हरच्या दारापर्यंत पोचत होता, माझा वाटेतच अडत होता. ऑफिसच्या नेटवर्कवाल्याने त्यांची नवी लाइन आत सोडली होती, माझ्या घरची नाही. अडचण त्याच्या पुढची होती.

"डॉक्टर, जो लाल अक्षरों में आ रहा है, वो पूरा पढ़िए."

त्यांनी वाचलं. आधी त्यांच्या खात्याचं नाव, मग ते कुठून आलं त्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे आकडे. ते आकडे मला अनोळखी होते. त्या खात्याला मी जुन्या इमारतीच्या पत्त्यावरूनच परवानगी दिलेली होती. नाव खरं, पासवर्ड खरा, पण नव्या जागेहून आलेल्या दीदी डेटाबेसला परक्या वाटत होत्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ऑफिसच्या आतूनच करता येते, आणि ऑफिस बंद होतं. मी चप्पल घालताना बाबांनी पाहिलं.

"काहून, कुठं चालली?"

"बीरगांवचं लॉगिन होऊन नाही राहिलं, बाबा. ऑफिसात जावं लागते."

"पासवर्ड चुकला असन."

"पासवर्ड बरोबर आहे. त्यायची जागा बदलली, म्हणून ओळखून नाही राहिलं."

"चाल, मी गाडी काढतो," ते म्हणाले.

नवा रायपूरचा रस्ता नेहमीसारखा रुंद आणि रिकामा. धुरकट उन्हात दूरच्या इमारती पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. बाबा हळू चालवतात; गाडी जागीच आहे आणि रस्ताच मागे सरकतो आहे असं वाटत राहिलं. भंडाऱ्याहून रेल्वेत नोकरीला लागून इथे आले तेव्हाचं ते सांगत होते.

"इथं मले सारे नागपूरवाला म्हणत. मी किती सांगे, भंडारा! कोणी ऐकतच नव्हतं." ते स्वतःशीच हसले. "आता भंडाऱ्यात गेलो का म्हणतात, रायपूरवाले आले."

ऑफिसात चौकीदार सोडून कोणी नव्हतं. कुठूनही येऊ द्या, असं लिहिलं असतं तर क्षणात काम झालं असतं. हात तिकडे वळलाही. पण त्या आजारी माणसांच्या नोंदी होत्या. मी फक्त दवाखान्याचा नवा पत्ता घातला आणि दीदींना फोन केला.

"नहीं हो रहा," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला होता. मागे कोणीतरी कण्हत होतं.

मी आकडे पुन्हा विचारले. शेवटचा आकडा त्या म्हणाल्या, "साठ."

"सात या साठ?"

"साठ, दीदी. छह, शून्य."

मी सात ऐकलं होतं. ते बदललं. फोनवर बटणं दाबल्याचा आवाज आला. बाबा खिडकीपाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते.

"खुल गया," दीदी म्हणाल्या, आणि फोन न ठेवताच तपासणीचा निकाल वाचून दुसऱ्या फोनवर रक्तपेढीला सांगू लागल्या. मी ऐकत राहिले. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं, तरी फोन ठेववेना.

जुळणारं रक्त संध्याकाळी मिळालं, आणि या वेळी त्या मुलीला ताप आला नाही. पुढच्या आठवड्यात दीदींनी तिच्या हातात फोन दिला. मी विचारलं, आता बरं वाटतं का? मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. त्यातून अगदी हळू, जवळून, तिच्या बोलीतला होकार आला: "हव."