लक्ष ठेवण्याची हमी

किळस ही आमच्या घरात एक प्रकारची प्रतिष्ठा होती. वडील कळंबच्या एका कचेरीत कारकून होते. हात मळायचे तर फार तर शाईने. मी परिचारक झालो तेव्हा नातलगांना ‘दवाखान्यात नोकरीला आहे’ एवढेच सांगण्यात आले, आणि ते अपुरे वाक्य मीही पुढे अनेक वर्षे वापरले. जखमा, रक्त, पू यांची मला कधी घृणा वाटली नाही. घृणा वाटे ती बेडपॅनची. पुरुषांच्या वॉर्डाचा इन्चार्ज होईपर्यंत आणि त्यानंतरही त्या एका भांड्याला मी शक्यतो हात लावला नाही. ते काम वॉर्डातल्या मामांचे, म्हणजे वॉर्डबॉयचे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. मला त्याचा जाब कोणी विचारला नाही.

जिल्ह्याच्या गावातल्या आमच्या रुग्णालयात रुग्ण पडू नये म्हणून बरेच काही आहे. खाटांना कठडे आहेत, पडण्याचा धोका मोजायचा तक्ता आहे, ज्याला धोका जास्त त्याच्या मनगटाला पिवळी पट्टी आहे. आणि हमीपत्र आहे. रुग्ण दाखल होताना नातेवाइकाकडून ते घेतले जाते: ‘मी रुग्णाला एकटे सोडणार नाही, त्याच्यावर सतत लक्ष ठेवीन, तो पडल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य कोणी रचले मला ठाऊक नाही. रुग्ण पडू नये ही त्याची काळजी नव्हती. रुग्ण पडला तर आपण अडचणीत पडू नये, एवढीच होती. असे कागद मी गठ्ठ्याने भरून घेतले आहेत.

घाटंजीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारा न्यूमोनियाने दाखल झाला. सोबत फक्त बायको. तिची दोन्ही डोळ्यांची दृष्टी काचबिंदूने कधीच गेली होती. घरी चूल तो पेटवी, पाणी तो आणी, आणि तिला कुठे जायचे असेल तर तिचा हात धरून तो नेई. मुलगी दूर दिली होती. पहिल्याच दिवशी, मी सलाईन लावत असताना, तो मला म्हणाला, “छातीचं काय व्हायचं ते होवो भाऊ, पाय तेवढे शाबूत ठेवा. चार पायाचं काम दोन पायावर चालू हाये आमचं.”

“चार कायचे,” खाटेशी जमिनीवर बसलेली म्हातारी म्हणाली, “माहे पाय चांगले हायेत. डोळे नाही म्हना.”

“डोळे नाही म्हनून तर माह्या हातची भाजी खाते, नाही तं पायली असती कशी दिसते ते.”

ती हसली. मीही हसलो, आणि हसतच हमीपत्र पुढे केले.

“आजी, इथे अंगठा द्या.”

“कायचा कागद हाये भाऊ?”

“काही नाही. नेहमीचाच.”

तिचे तोंड माझ्याकडे नव्हते, पंख्याच्या आवाजाकडे होते. तिला दिसत नाही हे मला पूर्ण ठाऊक होते. मी तिचा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि ‘सतत लक्ष ठेवीन’ या शब्दांखाली टेकवला. त्या क्षणी मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. आज लिहिताना त्याचीच सर्वांत जास्त शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पाळी बदलण्याच्या सुमारास, म्हाताऱ्याने मला हाक मारली. टेबलाशी चादरी मोजणे चालले होते. मी नुकताच जेवून उठलो होतो.

“भाऊ, मले जा लागते. पोट बिघडलं वाट्टे.”

“मामा एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेलेत. येतीलच. थांबा जरा.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी खालच्या आवाजात. बेडपॅन त्याच्या खाटेपासून दहा पावलांवर मांडणीत होते. मी त्या मांडणीकडे पाहिले, नुकतेच खाल्लेले वांग्याचे भरीत घशाशी आले, आणि मी म्हणालो, “सांगितलं ना बाबा, थांबा.”

त्याने तिसऱ्यांदा हाक मारली नाही. खाटेचा एका बाजूचा कठडा कित्येक महिने मोडलेला होता आणि बँडेजच्या पट्टीने बांधलेला होता. ती गाठ त्याने सोडवली. चपला वॉर्डाबाहेर काढण्याचा नियम माझाच होता, त्यामुळे तो अनवाणी होता. फरशी फिनेलने नुकतीच पुसलेली होती. बायको खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसली होती. खाट करकरली ते तिने ऐकले, पण तो उठून बसला असेल असे तिला वाटले.

आवाज झाला तेव्हा मी धावलो. संडासाच्या दारात तो एका कुशीवर पडला होता. एक पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. त्याला जे आवरायचे होते ते आवरले नव्हते. ते त्याच्या धोतरात होते, फरशीवर होते, त्याच्या हाताला लागले होते, आणि तोच हात त्याने माझ्याकडे पुढे केला.

मी एक पाऊल मागे सरलो.

क्षणभरच. मग वाकलो, पाय हलवू दिला नाही, डॉक्टरांना बोलावले, जे करायचे ते सर्व नियमाप्रमाणे केले. पण माझे ते पाऊल त्याने पाहिले आणि हात आखडता घेतला. मोडलेल्या खुब्याने कण्हणारा तो माणूस मला म्हणाला, “राहू द्या साहेब, तुमचे कपडे भरतीन.” तोवर मी भाऊ होतो. त्या दिवसापासून साहेब झालो.

अहवाल मीच लिहिला. अक्षर माझे चांगले आहे. ‘सूचना देऊनही रुग्ण स्वतःहून उठला. नातेवाइकाने लक्ष ठेवले नाही. हमीपत्र सोबत जोडले आहे.’ मेट्रनबाईंनी तो वाचला.

“अंगठा आहे ना?”

“आहे.”

“मग झालं. चहा घ्या, ब्रदर.”

मी तो चहा घेतला.

खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि म्हातारा काही आठवड्यांसाठी पुन्हा माझ्याच वॉर्डात आला. त्या काळात त्याचे बेडपॅन मी देऊ लागलो. यात कसलाही मोठेपणा नव्हता. किळस गेली नाही. ती जाते असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पुष्कळदा मी मोरीत जाऊन उलटी केली. फक्त एक गोष्ट मी शिकलो, जी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात: माणसाने मागण्याची वाट पाहायची नसते. दर दोन तासांनी खाटेपाशी जायचे आणि विचारायचे. चपला मी खाटेखाली ठेवू दिल्या. कठडा दुरुस्त व्हायला मात्र तेव्हाही चार अर्ज लागले.

मामांना माझा हा बदल बघवेना. “ब्रदर, तुमी आता माह्या पोटावर पाय देता का?” ते म्हणाले. “का पाप धुऊन राह्यले?”

ते बरोबर बोलले होते.

वॉकर आला तेव्हा खरी अडचण दिसली. फिजिओथेरपीच्या ताईंनी बजावले, “बाबा, दोन्ही हात वॉकरवरच. एकही हात सोडायचा नाही.” म्हाताऱ्याने दोन्ही हातांकडे पाहिले आणि विचारले, “मंग हिले कोन धरनार?”

म्हातारीने मागून त्याचा सदरा पकडला. दोन पावलांत तो मागे झुकला आणि मी आणि ताईंनी त्याला सावरले. “आजी, ओढू नका, पुन्हा पडतील,” ताई म्हणाल्या. तिने सदरा सोडला आणि ती तिथेच उभी राहिली, हात कुठे ठेवावा हे न कळून.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर व्हरांड्यात चालू लागलो. तिचा तळवा त्याच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, नुसता टेकवायचा. पकडायचे नाही, लोटायचे नाही. तो थांबला की थांबायचे. हे दाखवताना मी तिचा हात माझ्या हातात घेतला. तो स्पर्श ओळखून ती थबकली.

“अंगठा घेतला होता ते तुमीच काय?”

“हो, आजी.”

“काय होतं त्या कागदात?”

मी तिला ते वाक्य पाठ म्हणून दाखवले. अहवालात मी काय लिहिले तेही सांगितले. म्हातारा वॉकरवर ओणवून ऐकत होता. मला वाटले होते ती म्हणेल, आंधळीकडून कसली हमी घेता. माझ्या पश्चात्तापाची सगळी मांडणी त्या वाक्यावर उभी होती.

ती म्हणाली, “मंग वाचून काहून नाही दाखवलं? घरी मी यायच्या धोतराचा सोगा हाताले गुंडाळून निजतो. हे कूस बदलले तरी मले समजते. तुमी सांगतलं असतं तं इथंही गुंडाळला असता.”

लक्ष ठेवणे म्हणजे डोळ्यांनी पाहणे, असे मी धरून चाललो होतो. आणि डोळे असून मी बेडपॅनच्या मांडणीकडे पाहत उभा होतो. तिची हमी खोटी नव्हती. ती तिला कोणी सांगितलीच नव्हती.

त्या आठवड्यात मी सुधारित अहवाल लिहून दिला. मेट्रनबाईंनी तो परत केला. “बंद फाइल कशाला उकरता? निवृत्तीला किती राहिलं तुमचं?” मी तो पुन्हा पाठवला, त्याचे पुढे काय झाले मला कळवण्यात आले नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या फाइलमध्ये दोषी अजून तीच आहे.

रुग्णालयातून सुटी मिळाली त्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत सोडायला मी गेलो. तिथे जरासा उतार आहे. पूर्वी म्हातारा गावी दिवसातून दहा वेळा पाण्याला जाई. आता घर ते ओटा एवढे जमले तरी पुष्कळ, असे डॉक्टरांनी सांगितले होते. चूल कोण पेटवणार, हे कोणी विचारले नव्हते. उताराच्या तोंडाशी तो थांबला. पाठीवर तळवा टेकवून मागे चालणारी तीही थांबली. मी हात पुढे केला, तर त्याने नको म्हणून मान हलवली.

“हात हाये काय मांगे?” त्याने न वळता विचारले.

“हाये.”

“चाल मंग.”